एएनएम फर्स्ट इयर: वॉर्ड पोस्टिंगच्या आधी काय काय हाताखालून घालू? बीपीचा आवाजच येत नाहीये

परभणीची_पोर

नमस्कार सगळ्यांना. एएनएमच्या (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, नर्सिंगचा कोर्स) फर्स्ट इयरला आहे, बारावी आर्ट्स करून आलेय, घरात या लाइनला कुणीच नाही. पुढच्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात पोस्टिंग चालू होतंय, आधी फिमेल मेडिकल आणि मग मेल. डेमो रूममधे डमीवर बेड मेकिंग, स्पंजिंग (पेशंटचं अंग पुसणं), टीपीआर (टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन) सगळं झालंय, प्रोसिजर बुक पूर्ण आहे, मॅडमच्या सह्या पण आहेत, पण खरं सांगू का, लिहिलेलं सगळं पाठ असलं तरी हात चालत नाही.

सगळ्यात मोठं टेन्शन बीपीचं. होस्टेलच्या मुलींचं घेऊन बघते, कफ बांधला, फुगवला, सोडला, कानात काहीच नाही, नाहीतर नुसती खरखर. पार्टनर म्हणते मला तर क्लिअर ठक ठक येतं, आता तिला खरंच येतं का देव जाणे 😄 कारण आमच्या बॅचमधे सगळ्यांचं सगळं १२०/८० च असतं. मला तसं लिहायचं नाहीये म्हणून विचारतेय.

दुसरं म्हणजे मेल वॉर्डातलं स्पंजिंग. विचार केला तरी घाम फुटतो. आईला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणे ते राहू दे, इंजेक्शन कधी शिकवणार ते सांग, गल्लीतल्या बायका विचारायलेत.

जे अनुभवी आहेत त्यांनी सांगा, आत्ता हातात वेळ आहे तर नेमकं काय पक्कं करून ठेवू?

---

रिटायर्ड_स्टाफ_सिस्टर

अगं बाळा, १२०/८० लिहायचं नाही म्हणतेस ना, मग जमेल तुला. टीपीआर चार्टवर अख्ख्या वॉर्डाचं टेम्परेचर ९८.६, पल्स ७२, रेस्पिरेशन १८ बघितलं की इनचार्ज सिस्टरला कळतं की पोरगी बेडपर्यंत गेलेलीच नाही.

आता बीपी. आधी स्टेथो कानात घालायची दिशा बघ, कानातले बोंडं पुढच्या बाजूला, नाकाकडं झुकलेले पाहिजेत. मग चेस्टपीस, म्हणजे अंगाला टेकवायचा गोल भाग. ते दोन तोंडी असेल तर फिरतं, आणि ज्या बाजूनं ऐकायचंय ती चालू आहे का हे पडद्यावर बोटानं हळूच टकटक करून बघायचं, कानात ठणकन वाजलं पाहिजे. नवीन पोरींचा घोळ बऱ्याचदा इथंच असतो, तोंड दुसरीकडं फिरलेलं आणि पोरगी बिचारी बंद बाजूनं ऐकत बसलीये.

स्टेथो ठेवायच्या आधी बोटानं नाडी शोध. कोपराच्या पुढच्या भागात, करंगळीच्या बाजूला जरा आत. सापडली की स्टेथो तिथंच, कफच्या खाली कोंबायचा नाही, ड्रेसच्या बाहीवरून तर अजिबातच नाही. कफ कोपराच्या वर दोन बोटं. मनगटाची नाडी धरून फुगवत जा, नाडी कुठल्या आकड्याला गायब झाली ते बघ, हवा सोड, अर्धा मिनिट थांब, आणि मग त्या आकड्याच्या वर ३० पर्यंत फुगव. सोडताना घाई नको, सेकंदाला २ ते ३ आकडे एवढ्याच वेगानं पारा नाहीतर काटा उतरला पाहिजे. तू बहुतेक भसकन सोडत असशील, मग पहिला ठोका निसटतो आणि नंतर काय ऐकायचं तेच कळत नाही. पहिला ठोका आला तो वरचा, आवाज पूर्ण बंद झाला तो खालचा.

पेशंट जिना चढून आला असेल तर ५ मिनिटं बसू दे. हात हृदयाच्या लेव्हलला, टेबलावर नाहीतर उशीवर टेकलेला. आणि घेताना गप्पा नाहीत, ना त्यांनी ना तू.

होस्टेलच्या बारीक मुलींवर करतेस ना, सुट्टीत घरी गेलीस की आजीचं, वडलांचं, शेजारच्या जाड काकूंचं घे. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी जास्त दाखवतं, हे डोक्यात असू दे.

श्वास मोजायची युक्ती सांगते. पेशंटला सांगायचं नाही की श्वास मोजतेय, सांगितलं की माणूस लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पल्स झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच मोजतेय असं दाखवत छातीकडं बघत पूर्ण मिनिटभर मोजायचं.

---

ब्रदर_नाइट_ड्युटी

सिस्टरनी बीपीचं भारी सांगितलंय, मी वॉर्डातलं सांगतो. पहिल्या दिवशी तुला कुणी काही शिकवायला मोकळं नसणार. मी शिकत होतो त्या ठिकाणी बेडपेक्षा पेशंट जास्त, खाली गाद्या, बेसिनला साबण नाही आणि चादर मागितली की "इंडेंट टाकलाय" (स्टोअरला मागणी लिहून दिलीये) एवढंच उत्तर. पुस्तकातला ट्रॉली सेटअप शोधत बसशील तर ड्युटी संपेल. पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं असं नाही, काही गोष्टी साहित्य असो नसो करायच्याच.

पहिली म्हणजे हात. साबणपाण्यानं ४० ते ६० सेकंद, हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद. आमच्या ट्यूटरनी तेलात हळद कालवून सगळ्यांच्या हाताला चोळायला लावली होती आणि म्हणाल्या आता डोळे मिटून हात धुवा. डोळे उघडले तर सगळ्यांचे अंगठे पिवळे, नखांची टोकं पिवळी, बोटांच्या बेचक्या पिवळ्या. होस्टेलला करून बघ, फक्त टॉवेल जुना घे.

दुसरी, सुई. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, कुणी सीनियर लावत असला तरी तू नाही. सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज, सलाईनचा सेट, ग्लोव्ह्ज लालमधे, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेची वायल आणि ॲम्प्युल निळ्यात. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमात हे सगळं आहे आणि तोंडी परीक्षेला हमखास विचारतात. समजा टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नको, साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच इनचार्जला सांग, ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. एचआयव्हीची पीईपी (लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) जितकी लवकर चालू होईल तितकी चांगली, ७२ तासांच्या पुढं उपयोग नसतो. हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का तुझे? ०, १ आणि ६ महिने असे तीन असतात, पोस्टिंगच्या आधी निदान पहिला घेऊन टाक.

तिसरी, नाव. "तुम्ही पाटील ना?" असं विचारायचं नाही, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो आणि आपल्याकडं एका वॉर्डात तीन पाटील असतात. "पूर्ण नाव सांगा काका" म्हणायचं आणि केसपेपरशी जुळवायचं.

इंजेक्शनचं म्हणशील तर ते सुपरव्हिजनखाली येईलच, आईला सांग धीर धरा 😄 आधी गणित पक्कं कर. सलाईनचा साधा सेट बहुतेक २० थेंबांना १ मिली, मायक्रो ६० थेंबांना १ मिली, पाकिटावर छापलेलं असतं, वाचायची सवय लाव. ५०० मिली ८ तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ च्या आसपास थेंब. आणि इन्शुलिनला तर डोळे दोनदा फिरव, ४० ची (१ मिलीत ४० युनिट) वायल असेल तर लाल टोपीची ४० ची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी टोपीची १०० ची. अदलाबदल झाली की डोस अडीच पटीनं इकडं नाहीतर तिकडं जातो. आर्ट्सवाल्यांना गणित येत नाही हे मी मानत नाही, कागदावर रोज दोन सोडव, बास.

---

सोलापूरकर_७७

मी नर्सिंगमधला नाही, पण वडील पॅरालिसिसनं बरेच महिने पडून होते म्हणून दवाखान्यात आणि नंतर घरी हे सगळं जवळून बघितलंय. त्या स्टुडंट मुलीचं नाव आठवत नाही, पण तिनं आम्हाला कूस बदलायला शिकवलं ते कायम लक्षात राहिलंय. दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, आणि टाच गादीला टेकू द्यायची नाही, पोटरीखाली घडी करून ठेवायची. अण्णांच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला तर आई तेल घेऊन चोळायला निघाली, तिनं हात धरला आणि म्हणाली काकू तिथं चोळू नका, आधी बोटानं दाबून बघा. दाबल्यावर लाल जाऊन पांढरं झालं आणि परत लाल आलं तर ठीक, पण दाबून सुद्धा लालच राहिलं तर जखमेची सुरुवात आहे, लगेच सांगा आणि त्या बाजूवर झोपवूच नका.

आम्हाला इंजेक्शन कुणी दिलं ते आठवत पण नाही, एवढंच सांगायचं होतं. शुभेच्छा ताई.

---

परभणीची_पोर

बापरे सगळ्यांना थँक्यू. सिस्टर, चेस्टपीस खरंच उलटा होता 🙈 आत्ता टकटक करून फिरवला आणि पार्टनरचं घेतलं, १०८/७० आलं. तिला म्हटलं आता तू माझं घे, तर म्हणे उद्या.

मेल स्पंजिंगचं राहिलं, प्लीज सांगा ना. आणि घड्याळ कुठलं घेऊ? मोबाइल वॉर्डात चालत नाही म्हणालेत.

---

रिटायर्ड_स्टाफ_सिस्टर

लाज तुला जेवढी वाटते ना त्याच्या दुप्पट त्या पेशंटला वाटत असते, तो बिचारा लेकीच्या वयाच्या पोरीसमोर पडलेला असतो. म्हणून सगळं पाणी आणायच्या आधी बोलून घ्यायचं. "काका, अंग पुसून देते, बरं वाटेल, चालेल ना?" हो म्हणाले की पडदा ओढ, पडदा नसेल तर दोन चादरी नाहीतर स्क्रीन माग, पंखा बंद कर. खिडकी उघडी ठेवून स्पंजिंग केलं की म्हातारी माणसं कुडकुडतात.

पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूवर बघून. डोळे आधी, साबण न लावता, नाकाच्या बाजूनं बाहेरच्या कोपऱ्याकडं, प्रत्येक डोळ्याला रुमालाचा वेगळा कोपरा. मग तोंड, मान, हात, छाती, पाय, पाठ. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं, आणि पुसला की लगेच कोरडा करून झाकायचा. पाणी गढूळ झालं, गार झालं की बदल, कंटाळा करू नको. पुसता पुसता बघायचं पण असतं, कुठं पुरळ, कुठं सूज, कुठं लाल झालंय, सोलापूरकरांनी लिहिलंय ते याच वेळी सापडतं.

खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि नवीन पाण्यानं. शुद्धीत असलेल्या आणि हात चालणाऱ्या पेशंटला ओला रुमाल हातात द्यायचा, "काका, पुढचं तुमचं तुम्ही आवरा, मी पडद्याच्या बाहेर उभी आहे, झालं की आवाज द्या", बस्स. ज्यांना जमत नाही तिथं सुरुवातीला एकटी जाऊ नकोस, ब्रदर (पुरुष नर्स) नाहीतर वॉर्डबॉय मामांना बरोबर घे, मॅडम नाही म्हणत नाहीत. आणि कुणी मुद्दाम वेडंवाकडं बोललं, हात लावला, तर हातातलं काम तिथंच ठेवून बाहेर यायचं आणि इनचार्जला सांगायचं. पेशंट आहे म्हणून सहन करायचं असलं काही नर्सिंगमधे नाही.

काढलेली चादर झटकायची नाही आणि छातीशी धरून न्यायची नाही, युनिफॉर्मला लागते. गुंडाळून थेट बकेटमधे.

---

ब्रदर_नाइट_ड्युटी

घड्याळ काट्यांचं घे, सेकंद काटा पाहिजेच, डिजिटलवर नाडी मोजताना आकडे आणि ठोके डोक्यात गुंततात. आणि मनगटावर नको, हात धुताना कोपरापर्यंत काही नसलं पाहिजे, बांगडी, धागा काहीच. युनिफॉर्मला पिननं लावायचं उलटं घड्याळ मिळतं, नाहीतर साधं घड्याळ पट्टा काढून सेफ्टी पिननं खिशाला अडकव. महागाचं घेऊ नको, पहिल्या वर्षात एकदा तरी ते धुण्याच्या बादलीत जातंच.

---

परभणीची_पोर

पट्टा काढून अडकवते, बाबांचं जुनं एक पडून आहे. पार्टनरनं बीपी घेतलं शेवटी, म्हणे १२०/८० 😑

---

रिटायर्ड_स्टाफ_सिस्टर

तिच्या स्टेथोचं तोंड बघ आधी.