मदत हवी आहे: बैठकीत सगळ्यांचा होकार, काम मात्र वेगवेगळं

माझ्याकडे काही विभागप्रमुख आहेत. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्यायचा ठरलं, की एक जण कच्चा मसुदा पाठवतो, तर दुसरा आकडे तपासून अंतिम प्रत. बैठकीत मात्र सगळ्यांनी मान डोलावलेली असते.

कोण, काय, कधीपर्यंत हे बैठकीनंतर लगेच मेल करतो. वैमानिक जशी हवाई वाहतूक कंट्रोलरची सूचना परत म्हणून दाखवतो, तसंही करून पाहिलं. पण लोक माझेच शब्द जसेच्या तसे म्हणतात, त्यातून काय समजलं ते कळत नाही. शिवाय अनुभवी मंडळींना ती परीक्षा वाटते, आणि त्यांचा मान मला राखायचाच आहे. काही जण ऑनलाइन असतात, बैठका वाढवता येणार नाहीत.

कोणालाही कमीपणा न वाटता प्रत्येकाच्या डोक्यातलं चित्र काम सुरू होण्याआधीच समोर यावं, यासाठी तुम्ही नेमकं काय आणि कोणत्या शब्दांत विचारता?