पत्रकापेक्षा प्रात्यक्षिक महत्त्वाचे

स्वयंपाक शिकवण्यासाठी पाककृतींची पत्रके वाटणे पुरेसे आहे, असे काहींचे मत आहे; त्याच्याशी मी सहमत नाही, कारण आच किती मंद ठेवायची हे कागदावरून उमगत नाही. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो, म्हणूनच मोठ्या आचेवर ऑम्लेट चिवट होते. प्रात्यक्षिकात एक अंडे दहा मिनिटे आणि दुसरे वीस मिनिटे उकडून दोन्ही सर्वांसमोर मधोमध कापावीत. दुसऱ्याच्या बलकाभोवतीचे हिरवट कडे, जे बलकातील लोह आणि पांढऱ्या भागातील गंधक यांच्या संयोगाने तयार होते, ते एकदा पाहिले की वेळेचे महत्त्व पटते. (ते अंडे खाण्यास सुरक्षितच असते, हेही आवर्जून सांगावे.) त्यानंतरचे ऑम्लेट मात्र उपस्थितांपैकीच कोणाला तरी उलटू द्यावे.