मदत हवी आहे : निविदेसाठी टीमचे बायोडेटा कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या सामाजिक संस्थांना आणि सरकारी कार्यालयांना सल्ला देणाऱ्या आमच्या फर्मच्या टीमचे बायोडेटा निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात लावायचे आहेत. निवड क्यूसीबीएसने, म्हणजे तांत्रिक आणि दराचे गुण एकत्र धरून. किमान तांत्रिक गुण हुकले तर दराचा लिफाफा उघडतच नाहीत.

टीम लीडर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभा आणि सामूहिक वनहक्क दाव्यांचं काम, पण त्यातली काही वर्षं पदवीआधीची. बऱ्याच निविदांत अनुभव पदवीनंतरचाच धरतात. ती वर्षं वेगळी दाखवावीत की गाळावीत? शिवाय महिना-वर्षासकट लिहिलं की एकाच काळातले दोन प्रकल्प दुहेरी मोजल्याचा आक्षेप येतो. तो कसा टाळता?

लेखा सल्लागार बारा-ए, ऐंशी-जी (संस्थांच्या आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि एफसी-४ (परदेशी निधीचं वार्षिक विवरणपत्र) सांभाळतात. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने त्या निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून संस्थांना असा माणूस हवाच असतो. सरकारी समिती मात्र शासकीय लेख्यांचा अनुभव बघते. दोन वेगळे बायोडेटा करावेत का?

आणि भाषा! रकान्यात वाचन, लेखन, संभाषण विचारतात. पावरी, भिली, अहिराणीपुढे फक्त 'संभाषण' भरलं तर फिकं दिसतं; सातपुड्यातल्या पाड्यांवर सर्वेक्षण तर त्यावरच चालतं. हे कामाच्या वर्णनात घालता का?

भरलेला नमुना नाव-नंबर झाकून टाकलात तर फार मदत होईल.