‘संप’: चरीचा आणि मूळचा

खारेपाटातून: माझी आजी ‘संपात’ हा शब्द काळ सांगायला वापरायची. ‘संपात तुझ्या आजोबांचं बारसं झालं’ म्हणजे अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपात, 1933 ते 1939 च्या दरम्यान कधीतरी. पण शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह, चिरनेरला जंगल सत्याग्रह, दोन्ही 1930 चे. त्यांच्यानंतर तीनच वर्षांनी चरीला मात्र ‘संप’. शेतकऱ्याचा संप कसा? संप तर गिरणीत होतो.

रत्नागिरीकर: शब्द मुंबईहून आला असेल, यात नवल नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतला माणूस गिरणीत होता आणि 1928 चा मोठा संप लोकांच्या आठवणीत ताजा होता. (आमच्या वाडीत अजून ‘संपाच्या साली’ म्हटलं की 1982 धरतात.) आणि अर्थ शेतातही चपखल बसतो. जमीन खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, घाम ती कसणाऱ्या कुळाचा. कुळाने नांगरच धरला नाही, तर खोताला खंड, म्हणजे पिकातला वाटा, कुठून मिळणार? 27 ऑक्टोबर 1933 ला चरीच्या सभेत हेच ठरलं आणि 25 गावांनी ते पाळलं.

डहाणूकर: आमच्याकडे गुजराती शेजारी आहेत, म्हणून सांगतो. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. ‘संप त्यां जंप’ अशी त्यांची म्हण आहे, एकी तिथे शांती. काम बंद करण्याला ते ‘हडताळ’ म्हणतात. आपल्याकडेही एकजूट हाच अर्थ आधीचा असावा असं मला वाटतं. आधी सगळे एक होतात, मग काम थांबतं. मराठीने दुसरी पायरी ठेवली आणि पहिली विसरली.

खारेपाटातून: डहाणूकर, तुमचं हे वाचून मन भरून आलं, कारण चरीला खरं बळ त्या पहिल्या पायरीचंच होतं. हातातलं काम टाकणं एका दिवसाचं असतं. पण सहा वर्षं खोताची शेती न करता लाकूडफाट्यावर आणि मासळीवर घर चालवणं, आणि शेजाऱ्याने चोरून नांगर धरला नाही याची खात्री असणं, याला एकीच लागते. संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी ती सहा वर्षं टिकवली. बाबासाहेबांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं, त्यामागेही ही गावं उभी होती. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये.

दुसरं, आमच्याकडे ही सवय जुनी आहे. उधाणाने खाडीचा बांध फुटला, खांड पडली, की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन निघायचा. त्याला ‘जोळ’ म्हणायचे.

मालवणातून: म्हणजे श्रमदानच ना?

खारेपाटातून: नाही, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. दान दुसऱ्याला देतात. शेजाऱ्याच्या बांधाला खांड पडली की खारं पाणी माझ्याही शेतात येतं, मग काही वर्षं भात धरत नाही. मी जातो तो माझ्याच भातासाठी. आणि ‘वेठ’ तर तिसरीच गोष्ट. तेच हात, तेच फावडं, पण बोलावणारा खोत. श्रमदान म्हटलं की हे दोन्ही पुसलं जातं.

रत्नागिरीकर: मग पुढच्या लढ्यांना आपण संप का म्हणत नाही? 1984 चा भूसंपादनाविरुद्धचा जासईचा ‘लढा’, रिफायनरीला नाणार-बारसूचा ‘विरोध’. पेणकडे सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी 2008 मध्ये तर 22 गावांत जनमत चाचणी झाली.

डहाणूकर: कारण तिथे थांबवायला काम नव्हतं. चरीत दुसऱ्याची जमीन कसायची नव्हती. पेणला आणि बारसूला स्वतःची द्यायची नव्हती.

खारेपाटातून: हे पटलं. एक शब्दप्रयोग नोंदवून ठेवतो. चरीबद्दल भाषणात ‘संप यशस्वी झाला’ म्हणतात. आजी म्हणायची, ‘संप फुटला नाही.’ तिच्या बोलण्यात ‘फुटणं’ दोनच गोष्टींचं असायचं, बांधाचं आणि संपाचं.