घरगुती सुतारकामासाठी परवडणारा मायटर सॉ : आपला अनुभव सांगावा

सातारा, गोडोली

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरातील जुन्या छायाचित्रांना स्वतःच्या हाताने सागवानी चौकटी कराव्यात असे मनात आले आणि त्यासाठी मी १० इंची पात्याचा साधा मायटर सॉ, म्हणजे लाकूड नेमक्या कोनात कापणारे विजेचे यंत्र, घेतला. घेताना मोटारीचे वॅट, पात्याचे फेरे आणि किंमत एवढेच पाहिले. पहिल्या चौकटीचे तीन कोपरे घट्ट बसले आणि चौथ्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट राहिली. दोष माझ्या हाताचा असावा असे समजून मी तीन दिवस आणि बरीच पट्टी वाया घालवली. हिशेब नंतर ध्यानात आला. चौकटीत ४५ अंशांचे आठ काप असतात, त्यामुळे यंत्र दर कापात अर्धा अंश चुकत असेल, तर शेवटच्या कोपऱ्यात ती चूक चार अंशांची होऊन उभी राहते. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून पाहिल्यावर कळले की फेन्सची, म्हणजे लाकूड ज्या उभ्या आधारपट्टीला टेकवतो तिची, डावी आणि उजवी बाजू एका रेषेतच नव्हती. बोल्ट सैल करून आणि सरळ पट्टी धरून मी ती जुळवली, तेव्हा फट कमी झाली, पण पूर्ण गेली नाही.

सातारा-सांगली भागात घरगुती कामासाठी १५ हजारांच्या आत ज्यांनी हे यंत्र घेतले आहे, किंवा विचार करून घेण्याचे टाळले आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा ही विनंती. आपण काय कापता, सर्वांत रुंद फळी किती असते, घेताना काय तपासले आणि काय तपासायचे राहिले, हे सविस्तर सांगावे. नुसते नमुन्याचे नाव सांगून थांबू नये, कारण एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांतही जुळणीचा फरक असतो असे माझे मत झाले आहे.

कराड, विद्यानगर

मी दुकानात ‘कटिंग मशीन’ मागितले आणि माझ्यासमोर १४ इंची चकतीचे लोखंड कापण्याचे यंत्र आले. दुरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून नवख्या माणसाने हा फरक नीट समजून घ्यावा. लोखंडाच्या यंत्रात घासून कापणारी चकती असते आणि ठिणग्या उडतात. मायटर सॉमध्ये कार्बाइडचे दात बसवलेले पाते असते आणि कोन नेमका धरण्यासाठी खाचा असतात. मायटर सॉला लोखंडाची चकती लावण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये, कारण मागच्या पिशवीत साठलेला भुसा ठिणगीने पेट घेऊ शकतो.

माझा भाचा अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करतो आणि त्याचा दिवस याच यंत्रावर जातो. तो माझ्याबरोबर आला, त्याने खिशातून गुण्या काढला आणि मोटार सुरूही न करता तीन यंत्रे बाजूला सारली. एका यंत्राचे डोके, म्हणजे मोटार आणि पाते असलेला वरचा भाग, खाली आणताना डावीकडे-उजवीकडे हलत होते, दुसऱ्याचे पाते शून्य अंशाच्या खाचेत असूनही फेन्सशी काटकोनात नव्हते, आणि तिसऱ्याचे कार्बन ब्रश, म्हणजे मोटारीतले झिजणारे कार्बनचे तुकडे, बाहेरून काढता येत नव्हते. चौथे आम्ही घेतले. त्याला पाच वर्षे होत आली आणि आजवर फक्त ब्रश बदलले आहेत.

वाई तालुका

आमच्या घरी सातेरी मधमाश्या पाळल्या जातात आणि पेट्या मी स्वतः करतो, त्यामुळे माझे काम चौकटीपेक्षा वेगळे आहे. मला कोन फारसे लागत नाहीत. मला एकाच मापाचे शंभर तुकडे लागतात, कारण पेटीतल्या चौकटी एकमेकींच्या जागी बसल्या नाहीत, तर माश्या नको तिथे पोळे बांधून सगळे जखडून टाकतात.

माझी मोठी चूक रुंदीच्या बाबतीत झाली. १० इंची पाते म्हणजे १० इंच रुंद फळी कापली जाईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सरकत्या दांड्या नसलेले १० इंची यंत्र साधारण पाच ते साडेपाच इंचांपर्यंतच कापते, आणि ४५ अंशांवर त्याहूनही कमी. माझ्या पेटीची फळी सात इंच रुंद आहे. ती एका बाजूने कापून, उलटवून, दुसऱ्या बाजूने कापावी लागते, आणि यंत्र काटकोनात नसेल तर दोन कापांच्या मधे पायरी राहते. या त्रासातून मला एक चाचणी मात्र मिळाली. फळी मधोमध कापावी, एक तुकडा उलटवावा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून एकमेकांना भिडवावेत. जी फट दिसेल ती यंत्राच्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक दोषही डोळ्यांना दिसतो. दुकानदाराने यंत्र लावून दाखवले, तर ही चाचणी तिथेच दोन मिनिटांत होते.

सरकते यंत्र घ्यावे का, असा प्रश्न पुढे येतो. सरकत्या यंत्रात जवळपास फूटभर रुंदी मिळते, परंतु स्वस्त यंत्राच्या दांड्यांत ढिलाई असेल, तर डोके पुढे ओढल्यावर पाते बाजूला झुकते. माझ्या मते कमी पैशांत सरकते आणि ढिले यंत्र घेण्यापेक्षा साधे आणि घट्ट यंत्र घ्यावे. समान मापासाठी मी फेन्सला लांब लाकडी पट्टी स्क्रूने बसवली आहे आणि तिच्यावर तुकड्याचे टोक टेकवायला एक ठोकळा शिकंज्याने (क्लॅम्पने) आवळतो. ठोकळ्याचा खालचा कोपरा थोडा तासून ठेवावा, नाहीतर तिथे भुसा साचतो आणि दहाव्या तुकड्यापासून माप नकळत कमी होत जाते.

सांगली, गावभाग

आमचे घर नदीजवळ आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरची यजमानांची सगळी हत्यारे पाण्याखाली गेली. म्हणून मी यंत्र घेताना पहिला प्रश्न वजनाचा विचारला, कारण पाण्याची सूचना आली की ते मला एकटीला उचलून माडीवर नेता आले पाहिजे. त्यासाठी मी ८ इंची यंत्र निवडले आणि त्या निवडीवर मी समाधानी आहे. एक अडचण मात्र सांगते. माझ्या यंत्राला २१० मिलिमीटरचे आणि मधे ३० मिलिमीटर भोक असलेले पाते लागते आणि ते इथे सहज मिळाले नाही, कोल्हापूरहून मागवावे लागले. १० इंची पात्यांना दुकानात जास्त निवड असते. यंत्र घेण्याआधी त्याचे पाते गावात मिळते का, हे विचारून घ्यावे.

विजेचेही सांगते. १६०० ते १८०० वॅटचे यंत्र चालताना सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरेच जास्त. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ते लावू नये. मी १६ अँपिअरचा प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरते. आधीच्या बारीक एक्स्टेन्शनवर मोटार दबून चालत असे आणि वायर हाताला गरम लागत असे.

मिरज

मी यंत्र घेतले नाही. आमचे घर सतारी बनवणाऱ्या कारागिरांच्या सतारमेकर गल्लीपासून जवळ आहे आणि हातकरवतीने किती नेमके काम होते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वर्षाला पाच-सहा चौकटी, एवढेच काम असेल, तर लाकडी मायटर बॉक्स (करवत ठराविक कोनात चालावी म्हणून खाचा असलेली पेटी), बारीक दातांची धारदार करवत आणि शेवटचा केसभर भाग काढण्यासाठी नीट लावलेला रंधा पुरेसा आहे. शेजाऱ्यांना आवाज नाही आणि भुसा सुपलीत मावतो.

कुपवाड

औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पाइनवर माझे सगळे काम चालते. लाकूड स्वस्त मिळते, पण एका दडलेल्या खिळ्याने पात्याचे चार दात नेले, म्हणून आता प्रत्येक फळीवर लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती यंत्रावर ठेवत नाही. एकदा दोन इंचांचा तुकडा बोटांनी धरून कापताना तो पात्यात अडकून भिंतीवर आदळला. बोटे वाचली, ते नशीब. तेव्हापासून हात पात्यापासून सहा इंच दूर ठेवतो, लहान तुकडा लांब पट्टीपासूनच कापतो आणि काप झाल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत डोके वर उचलत नाही. हातमोजेही घालत नाही, कारण फिरते पाते मोज्यासकट हात ओढून घेते.

सातारा, गोडोली

सर्वांचे मनापासून आभार. वाईकरांची चाचणी मी करून पाहिली. पाते फेन्सशी काटकोनात होते, म्हणजे उरलेल्या फटीचे कारण दुसरे होते. यंत्रासोबत आलेले २४ दातांचे पाते पातळ होते आणि कठीण सागवानात ते किंचित वाकत होते. त्याजागी ६० दातांचे, जाड अंगाचे पाते आणले. त्याचे दात मागे झुकलेले आहेत, त्यामुळे ते लाकूड ओढून न घेता शांतपणे कापते. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे याची खात्री केली. पात्याला दीड हजार रुपये पडले. काल संध्याकाळी आजोबांच्या छायाचित्राची चौकट पुन्हा केली आणि चौथ्या कोपऱ्यात कागदही जात नाही. अजून पाच चौकटी करायच्या आहेत आणि शिकंज्याने आवळायचा ठोकळा आज तयार करत आहे.