माळ्यावर गोल्फच्या जुन्या लाकडी दांड्याच्या स्टिका सापडल्यात, गंज काढू का नको?

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो. आमचं कोल्हापुरात पेठेतलं जुनं घर उतरवायला काढलंय, माळा रिकामा करताना कॅनव्हासची एक लांबडी पिशवी सापडली आणि आत सात स्टिका. माझे पणजोबा बेळगावला कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते, साहेब खेळायला निघाला की पिशवी पणजोबांच्या खांद्यावर, आणि मायदेशी जाताना तो ही पिशवी त्यांनाच देऊन गेला असं घरात सांगतात. पुढं कुणी खेळलं नाही. वडिलांना एवढंच आठवतंय की आजी त्यातल्या एका पसरट तोंडाच्या स्टिकनं परड्यातल्या चिंचा पाडायची.

आता काय काय आहे ते सांगतो. चार स्टिका लोखंडी तोंडाच्या, दांडा लाकडी, गंजून तांबड्या झाल्यात पण एका पाठीवर तंबाखू ओढायच्या पाईपचं बारीक चित्र ठोकलंय आणि सेंट अँड्रूज असं वाचता येतंय. एकीवर मॅशी, एकीवर निब्लिक (चिंचावाली हीच), एकीवर मिड आयर्न लिहिलंय, चौथी पटर (बॉल भोकात ढकलायची स्टिक) असावी, तोंड सरळ उभं आहे. दोन लाकडी तोंडाच्या, खालून पितळेची पट्टी, गळ्याला काळा दोरा गुंडाळलेला होता तो आता लोंबतोय. आणि सातवीचा दांडा पिवळट, गुळगुळीत, लाकडासारखाच दिसतोय पण हातात घेतली की कायतरी वेगळी वाटते, तिच्यावर नाव नाही, नुसता ५ आकडा.

मॅशीचं तोंड खुळखुळतंय. शेजारचे काका म्हणाले कुदळीचा दांडा पाण्यात ठेवून फुगवतो तसं रात्रभर बादलीत उभी कर, घट्ट होईल. मित्र म्हणतोय उद्यमनगरात, तिकडं कारखान्यांच्या भागात, बफिंग करून आण, आरशागत चमकेल. मूठ बांधलेलं कातडं कडक होऊन सुटलंय, फोटो टाकलाय.

विकायच्या नाहीत. ह्या चालत्या करायच्या आणि पणजोबांनी जिथं ही पिशवी वाहिली तिथं एकदा तरी ह्यांनीच बॉल मारायचा, एवढं मनात आहे. कुणी केलंय का असलं काम?

उद्यमनगर_लेथ

भावा आधी हात जोडून सांगतो, बफिंगला देऊ नको आणि बादलीत पण ठेवू नको!! दोन्ही का ते सांगतो.

मी तीन वर्षांमागं भंगारातनं असलीच एक स्टिक किलोच्या भावानं उचलली होती आणि घाईघाईनं एका बफिंगवाल्याकडं दिली. संध्याकाळी चकचकीत होऊन आली, पाठीवरचा शिक्का गायब आणि तोंडावरच्या रेघा पण अर्ध्या पुसलेल्या. तो शिक्का म्हणजे त्या स्टिकचा जन्मदाखला होता आणि तो मी माझ्या हातानं घालवला, अजून बघितलं की पोटात कालवतं. ही तोंडं घडीव आहेत, म्हणजे तापवून घणाखाली ठोकलेली, रेघा आणि ठिपके पंचनं हातानं मारलेले, ते परत येत नाहीत.

गंजासाठी रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डब्ल्यूडी फॉर्टी, तोंड तेवढं भिजेल असं फडकं गुंडाळून एक दिवस ठेव, लाकूड वर कोरडं राहू दे. मग पितळी तारेचा ब्रश हलक्या हातानं, मग सर्वात बारीक स्टील वूल, हार्डवेअरवाल्याकडं चार झिरो म्हणून माग, तेलात बुडवून घास. तांबडा गंज जाईल आणि खाली काळपट तपकिरी कातडी राहील, तिथं थांबायचं, ती काळपट कातडी काढायची नाही. लिंबू चिंच व्हिनेगर काही लावू नको, आम्ल शिक्क्याच्या कडा खातं. शेवटी मशीन ऑइलचं एक बोट.

आता खुळखुळ. काकांचं कुदळीचं खरं आहे पण कुदळ रोज भिजते आणि दांडा मोडला तर दुसरा घालता येतो. इथं लाकूड फुगतं, लोखंडाच्या आत जागा नसल्यामुळं त्याचे तंतूच चेपतात, दोन दिवसांनी वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल, वर आतनं गंज. बरोबर रीत अशी की लोखंडी गळ्यात आडवी एक बारीक पिन असते, घासून सपाट केलेली त्यामुळं दिसत नाही, गळा थोडा साफ केलास की गोल ठिपका दिसेल. ती पंचनं हळू बाहेर काढ, तोंड उपसून घे, आतला जुना डिंक-डांबर खरवडून काढ, दांड्याच्या टोकाला तागाच्या कापडाचा एक वेढा दे, ॲरल्डाइट लावून बसव आणि खिळ्याची नवी पिन करून ठोक. एक दिवस हात लावू नको. गळा गॅसवर धरून तापवायचा मोह होईल, तो आवर, आतलं लाकूड जळतं आणि वरनं कळत पण नाही. पिन निघत नसंल तर घेऊन ये, माझ्याकडं छोटा प्रेस आहे, पाच मिनिटांचं काम, पैशाचा विषय काढू नको.

आणि ती पाच नंबरची पिवळी. तिच्या दांड्याला लोहचुंबक लावून बघ आणि इथं सांग.

बेळगावी_कॅम्प

शुक्रवारपेठकर, तुमचं वाचून मी आज जेवायचं विसरलो. मी इथंच बेळगावात लहानाचा मोठा झालो, तीस वर्षं गोल्फ खेळलो आणि गेली आठ वर्षं फक्त लाकडी दांड्याचे क्लब खेळायला लागलोय.

पाईपचा शिक्का म्हणजे स्कॉटलंडात सेंट अँड्रूजचा टॉम स्टीवर्ट. हे एक नंबरचे लोहार, अमेरिकेचा नामी खेळाडू बॉबी जोन्स ज्या सेटनं खेळला त्यात पण स्टीवर्टची बरीच आयर्न (लोखंडी तोंडाच्या स्टिका) होती. त्या काळी लोहार तोंड घडवायचे आणि आपली खूण ठोकायचे, निकोलचा हात, गिब्सनचा तारा, तसा स्टीवर्टचा पाईप. बाकीच्या तिघांच्या पाठी साफ झाल्या की बघा काय निघतंय.

नावं अशी समजा. मिड आयर्न म्हणजे आजच्या दोन नंबरच्या आसपास, मॅशी पाचच्या, निब्लिक नऊच्या, आकडा जेवढा मोठा तेवढं तोंड जास्त तिरकं. नक्की तसंच नाही, प्रत्येक लोहाराचा कोन थोडा वेगळा असायचा. खाली पितळी पट्टीवाली लाकडी म्हणजे बहुतेक ब्रॅसी, ब्रास वरनंच ते नाव आलंय. तिचं तोंड जर पर्सिमनचं असेल तर गंमत सांगतो, पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड, ज्याची पानं विडीला लागतात ना तेच कूळ, फक्त अमेरिकेतलं. आणि ही लाकडी तोंडं फार जुनी गोष्ट नाही हां, १९९३ सालची मास्टर्स ही मोठी स्पर्धा बर्नहार्ड लँगर पर्सिमनच्याच ड्रायव्हरनं (लांब मारायच्या स्टिकनं) जिंकला.

दांडा हिकरीचा. ते पण अमेरिकेतलं झाड, अक्रोडाच्या कुळातलं, स्कॉटलंडला जहाजानं जायचं. चिवट असतंय म्हणून हातोडीला, कुऱ्हाडीला पण तेच वापरत्यात तिकडं. स्टीलचे दांडे अमेरिकेत आधी चालू झाले, पण सेंट अँड्रूजच्या आर अँड ए नं (गोल्फचे नियम ठरवणारी संस्था) १९२९ साली परवानगी दिली आणि आपल्याकडचे साहेब लोक त्यांचेच नियम पाळायचे. म्हणजे तुमच्या लाकडी दांड्याच्या सहा त्याच्या आधीच्या असायची शक्यता फार. तरी सगळ्यांनी लगेच सोडलं असं नाही, जोन्स १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकला तो हिकरीनंच.

खेळायचं म्हणाल तर खेळा, जरूर खेळा, पण सिमेंटवर किंवा प्रॅक्टिसच्या मॅटवर नको, दांडा तिथंच तुटतोय. मुरमाड जमीन असली तरी नको, हिरवळ बघा. सरावाच्या रेंजवरचे दगडासारखे बॉल नकोत, मऊ कमी कॉम्प्रेशनचा बॉल घ्या. आणि स्विंग सावकाश. हिकरी मारताना पिळवटते, तोंड हातांच्या मागनं येतंय, तुम्ही घाई केला की बॉल उजवीकडं गेलाच. दहा शॉटमागं एकदा तोंड हलवून बघायचं, सैल वाटलं की थांबायचं. तोंड उडून कुणाला लागलं तर काय घ्या.

जुनंतेचठेवा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. हे वाणसामान नाही, घराण्याची वस्तू आहे. गंज पुसा, तेल लावा आणि भिंतीवर लावा. शंभर वर्षांचं लाकूड आहे, पहिल्याच फटक्यात मोडलं तर पणजोबांची आठवण परत कुठनं आणणार? ॲरल्डाइट वगैरे तर अजिबात नको.

बेळगावी_कॅम्प

@जुनंतेचठेवा तुमची काळजी समजते, मला पण पहिल्या दिवशी हात थरथरलेले. पण लाकूड कसं आहे ते मारायच्या आधीच बघता येतंय. दांडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा बघा, वाकडा आहे का. मग दोन्ही हातांनी हलकं वाकवा आणि कान द्या, चर्र असा आवाज आला तर तो दांडा भिंतीवर, वाद नाही. तंतू वरपासून खालपर्यंत सरळ गेलेत का बघा, मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर तिथं चिरतो. गळ्याच्या वर एक वीत जागा नखानं तपासा, मोडतो तो तिथं. ज्या पास होतील त्याच खेळायच्या. माझ्या अकरातल्या चार भिंतीवरच आहेत.

ॲरल्डाइटबद्दल मी लेथवाल्यांच्या बाजूनं. दांडा बदलायला लागला तर गळा तापवला की ते मऊ होतंय, त्यामुळं कायमचं काही नासत नाही.

आणि वाकडा असला तर आपले बुरूड बांबू शेकून सरळ करतात ना, तसंच, पण धग लांबनं, हीट गन चालेल, आणि गार होईपर्यंत उलट्या बाजूला दाबून धरायचं. एका बैठकीत नाही होत.

तिकटीवरची

मूठ कुणी विचारात घेतलीच नाही म्हणून लिहिते. आमचं घर चपलांचं, पापाच्या तिकटीला, तीन पिढ्या. गोल्फ मी फक्त टीव्हीवर बघितलंय पण फोटोतली मूठ बघितल्याबरोबर कळलं, ही नुसती पट्टी गुंडाळलीय, शिवण नाही.

चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं ह्याला घेऊ नका, जाड पडतं. बकऱ्याचं पातळ कातडं घ्या, ज्याच्या आम्ही वेण्या करतो ते, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, क्रोमवालं नको. साधारण बोटभर ते दीड बोट रुंद आणि मीटरभर लांब पट्टी एकसंध निघाली पाहिजे, जोड नको. दोन्ही कडा रापीनं (कातडं तासायची सुरी) तासून पातळ करायच्या म्हणजे एकावर एक वेढा बसला तरी उंचवटा लागत नाही. जुनी पट्टी उलगडताना फेकू नका, तीच माप आहे, आणि खाली फडक्याचा थर असेल तो बघून ठेवा, त्यामुळं मूठ भरीव होते. वरच्या टोकाला एक चुका (बारीक खिळा) मारायचा, मग ताण देत देत खाली यायचं, शेवटी मेणदोऱ्यानं बांधायचं. दोऱ्याचं टोक गाठ न मारता वेढ्याच्या खालनं ओढून घ्यायचं, ते एकदा बघितलं की जमतं.

लाकडी तोंडाच्या गळ्याला जो काळा दोरा लोंबतोय तो पण हाच मेणदोरा, काळं मेण लावलेला. आमच्याकडं आहे. पट्टी ओली करून ताणू नका, वाळली की आखडते. एरंडेल लावायचं असेल तर थेंबभर, जास्त झालं की हात चिकटतो. घेऊन या, एक मूठ मी करून देते, बाकीच्या तुम्ही माझ्यासमोर करा. आपल्या हातानं केलेली बरी नाही का, पणजोबांची वस्तू आहे.

उद्यमनगर_लेथ

ताई लई भारी माहिती दिलीत. एक राहिलं, दांड्याचं तेल. घाण्यावरचं जवसाचं तेल मिळतं तेच कच्चं तेल, फडक्यानं पातळ हात, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घे, चार-पाच दिवसांनी परत, असं पाच-सहा वेळा. तालमीतली पोरं लाठीला तेल पाजतात तसं, दमानं. सॅंडपेपर लावू नको, वरचा जुना थर जाऊ दे नाहीतर राहू दे, पुसट झाला असंल तर चपड्याचं स्पिरिट पॉलिश वरनं एक हात.

आणि हे मनावर घे, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नको. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात उष्णता कोंडली की आपोआप पेट घेतं. उकडून घट्ट केलेलं तेल असलं तर अजून लवकर. तुझ्या घरात उतरवलेलं लाकूड पडलंय म्हणून जास्त जीव तुटतोय. फडकी दोरीवर पसरून वाळव नाहीतर पाण्यात बुडवून मग टाक.

शुक्रवारपेठकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काय बोलू कळेना. बारा दिवस झाले, सांगतो काय काय झालं.

लोहचुंबक चिकटला! पिवळ्या दांड्याला वरपासून खालपर्यंत चिकटतोय.

मॅशीची पिन प्रेसवर निघाली, बसवून झाली, आता दगडागत घट्ट. पटरच्या पाठीवर गंजाखालनं तळहात निघाला, म्हणजे बेळगावी काका, तुम्ही म्हणालात तो निकोल ना? मिड आयर्नच्या दांड्यानं वाकवल्यावर चर्र आवाज केला, ती भिंतीवर. निब्लिकच्या टोकाला दोन पोचे आहेत, ते लेथवाले दादा काढून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. ते आजीचे आहेत.

मुठी दोन झाल्यात, एक ताईंनी केलेली आणि एक माझी, फरक लांबनं पण दिसतोय पण माझी सुटत नाही.

बेळगावी_कॅम्प

तळहात म्हणजे निकोलच, स्कॉटलंडात लेव्हनला कारखाना होता त्यांचा.

आणि पिवळ्याचं आता ऐका. स्टीलला परवानगी मिळाली तेव्हा लोकांच्या डोळ्याला लाकडाची सवय होती, चकचकीत नळी त्यांना बघवेना, म्हणून कंपन्यांनी स्टीलवर लाकडी रंगाचा थर चढवून विकायला काढले. नावाच्या जागी आकडे पण त्याच सुमाराला आले. म्हणजे तुमच्या साहेबानं तिशीच्या दशकात कधीतरी एकच नवी स्टिक घेतली आणि बाकीच्या सहा जुन्याच ठेवल्या. पणजोबांच्या खांद्यावर सातही एकत्र असणार. तिला तेल पाजू नका, नुसतं ओलसर फडकं फिरवा, तो थर तडकतो.

इथलं मैदान मिलिटरीचं, परवानगी काढायला लागते. ते मी बघतो. सकाळी दव वाळल्यावर मारू, ओल्या गवतात लाकडी तोंड नको.

शुक्रवारपेठकर

काका, पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं निघतो. मॅशी, निब्लिक आणि पटर तिन्ही आणतोय, कॅनव्हासची पिशवी पण ताईंनी पट्टा शिवून दिलाय, तीच खांद्याला लावून येतो. वडील पण येतायत, मारणार नाहीत म्हणाले, पिशवी धरायला येतो म्हणाले.