अनुभव धागा: जुन्या व्हिडिओ गेमचा मेळावा आणि डब्बा टीव्हीची शोधाशोध

पितृपक्षात मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि भाडंही उतरतं. म्हणून आम्ही जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांचा मेळावा त्याच पंधरवड्यातल्या रविवारी ठेवला, सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका कार्यालयात, जेवणाच्या हॉलमध्ये. पंगतीच्या टेबलांवर नऊ टीव्ही मांडले. सकाळी दहाला सुरू झालं ते रात्री वॉचमन दिवे मालवायला आला तेव्हा थांबलं.

त्यानंतर आठवडाभर फोन येत होते आणि प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. म्हणून हा धागा. या मेळाव्याचा अनुभव लिहा, दुसऱ्या गावच्या किंवा देशातल्या मेळाव्याचा लिहा. अट एकच, स्वतःचं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मेळावा ठरला तेव्हा वाटलं होतं, जुनी मशीन मिळणार नाहीत. मशीन भरपूर निघाली. माळ्यावरून, दिवाणाखालून, बोहारणीच्या तावडीतून वाचलेली. मिळेना तो टीव्ही. मागे फुगीर पोट असलेला डब्बा टीव्ही. मंगळवार बाजारात दोन आठवडे फिरलो. भंगारवाले आता टीव्ही आख्खा ठेवतच नाहीत. मागचं तांब्याचं वेटोळं काढून घेतात आणि ट्यूब फोडतात. एकानं मला फुटलेल्या काचांचा ढीग दाखवला. तो बघून पोटात कालवलं.

शेवटी आत्याकडे गेलो. तिचा एकवीस इंची टीव्ही कोपऱ्यात, वर भरतकामाचा रुमाल, त्यावर देवीचा फोटो. आत्या म्हणाली, "ने, पण परत आण. तुझ्या मामांच्या बोनसचा हाय त्यो." मिल बंद पडण्याआधीचा शेवटचा बोनस. टेम्पोत मी तो टीव्ही मांडीला टेकवून बसलो होतो.

आता तुम्ही लिहा.

टीव्ही दुरुस्तीवाला, अशोक चौक

मला बोलावलं ते टीव्ही चालू करायला. गेम मी आयुष्यात खेळलो नव्हतो. पण मुलं विचारत होती, "काका, हा जुना टीव्हीच कशाला लागतो? घरी पंचावन्न इंची आहे की." त्याचं उत्तर बंदुकीत आहे, बदक मारायच्या गेमच्या.

ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. तिच्या नळीत उजेड ओळखणारा छोटा सेन्सर असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो. लगेच पुढच्या चित्रात जिथं बदक होतं तिथं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, की बदक पडलं. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक दाखवतात. हे सगळं सेकंदाच्या काही पन्नासाव्या भागांत उरकतं, म्हणून डोळ्याला नुसती चमक दिसते. काळा पडदा कशाला? कुणी बंदूक ट्यूबलाइटकडे धरून फसवू नये म्हणून.

डब्बा टीव्ही आलेलं चित्र त्याच क्षणी रंगवतो. आपल्याकडच्या चित्र पाठवायच्या पॅल पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेषा. नवा सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, त्याच्यावर काम करतो आणि मग दाखवतो. तेवढ्या वेळात बंदुकीनं बघून घेतलेलं असतं, की उजेड नाही. मग नेम कितीही धरा, बदक उडूनच जाणार.

एक सांगणं कळकळीचं. रंगीत ट्यूबवर २०,००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये बसून राहतो. घरचा टीव्ही माळ्यावरून काढलात तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. माझ्याकडं आणा, पैसे घेणार नाही.

चौतीस वर्षं हे काम केलं, शेवटची आठ-दहा वर्षं एकही ट्यूब टेबलावर आली नव्हती. त्या दिवशी चार दुरुस्त केल्या. हात अजून चालतो.

साखर पेठेतली एक बहीण

आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. आई विड्या वळायची, हजाराच्या हिशेबानं. संध्याकाळी मी सूप मांडीवर घेऊन विड्यांची तोंडं दुमडायचे आणि अन्ना गेम खेळायचा. मशीन मामानं हैदराबादहून आणलेलं. जॉयस्टिक दोन होते. एक नंबर अन्नाचा, दोन नंबर माझा.

ज्यांच्याकडे ते मशीन होतं त्यांना माहीत असेल, दोन नंबरच्या जॉयस्टिकला स्टार्टचं बटणच नसतं. गेम सुरू करायचा, मध्ये थांबवायचा, सगळं एक नंबरच्या हातात. आणि मारिओमध्ये दोन नंबरवाल्याची पाळी कधी येते? एक नंबरवाला मेल्यावर. अन्ना चांगला खेळायचा. माझ्या शंभर विड्या दुमडून व्हायच्या तरी तो मरायचा नाही. पाळी आली की मी पहिल्याच खड्ड्यात जायचे, कारण सराव कधी होणार? परत अन्ना.

अन्नाचा राग नाही. आज तो सुरतेला असतो, राखीला येतो. पण मेळाव्यात मी नुसती बघत उभी होते, तर एका मुलीनं, कॉलेजची असेल, उठून मला जागा दिली. "बसा ताई." हातात एक नंबर. मी आधी बटणं चाचपून पाहिली. मधलं स्टार्ट दाबलं. थांबलं. परत दाबलं, चालू झालं. असं चार-पाच वेळा केलं. मागं रांग होती, कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या जगापर्यंत गेले. तिथंच एक गोष्ट पहिल्यांदा नीट बघायला वेळ मिळाला. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप, दोन्ही एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. शेजारच्या दादांनी सांगितलं की आख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे, १९८५ सालचा, एकेक चित्र पुरवून पुरवून वापरलंय. आमच्या आईनं एका नऊवारीतून परकर, दुपटं आणि शेवटी पायपुसणं काढलेलं मला आठवलं.

मुस्तफावाला, बाळे

मुस्तफा. सोलापुरात ज्यानं नव्वदच्या दशकात रुपयाचं नाणं हातात घट्ट धरलं होतं त्याला पुढं काही सांगायला नको.

गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. हे मला मेळाव्यात कळालं! तीस वर्षं मी त्याला मुस्तफाच म्हणत आलो, कारण गेममधल्या चौघा हिरोंतला तो सगळ्यांना पायजे असायचा, पळत येऊन लाथ मारायचा. मशीनला तिघांची जागा. पार्लरमध्ये तिघं अनोळखीच असायचे आणि तरी एक नियम सगळे पाळायचे. वाटेत खायचं काही पडलं तर ज्याची पॉवर कमी, त्यानं उचलायचं. हावरटपणा केला तर मागून आवाज यायचा, "का बे, त्याला दे की!"

मेळाव्यात एकानं प्लायवूडचा खोका करून आत छोटा कॉम्प्युटर बसवला होता. मी उभा राहिलो, डावीकडं एक बँकेतले साहेब, उजवीकडं हातगाडीवर भजी तळणारा एक जण. तिसऱ्या टप्प्यात माझी पॉवर संपत आलेली. जेवण पडलं. साहेब त्याच्या अगदी जवळ होते. ते सरकले बाजूला. काही बोलले नाहीत, नुसते सरकले.

पोर्टलंडहून, मूळची सोलापूरची

नोकरीनिमित्त अमेरिकेत ऑरेगनमध्ये राहते. इथे पोर्टलंड रेट्रो गेमिंग एक्स्पो भरतो. काचेचे दोन उंच मनोरे असलेल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. लोकल ट्रेन थेट दारात सोडते. एका भल्यामोठ्या हॉलमध्ये जुनी नाण्यांची मशीन ओळीनं, पण नाणं लागत नाही. तिकीट काढलं की दिवसभर खेळा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात आपोआप पर्समध्ये सुट्टे शोधत होता.

२०१८ साली तिथं टेट्रिसची (वरून पडणारे ठोकळे रचायच्या गेमची) जागतिक स्पर्धा पाहिली. सात वेळचा विजेता योनास न्यूबावर एका बाजूला आणि सोळा वर्षांचा जोसेफ सेली दुसऱ्या बाजूला. मुलगा जिंकला. योनासनं त्याला मनापासून जवळ घेतलं. २०२१ च्या जानेवारीत योनास गेला तेव्हा मी त्या स्पर्धेचं चित्रण पुन्हा लावून बसले होते.

धाग्याचा विषय वाचून मुद्दाम लिहितेय, कारण तिथेही हीच अडचण होती. स्पर्धा मूळ मशीनवर आणि डब्बा टीव्हीवरच व्हायची, आणि ते टीव्ही आयोजकांना शोधून, उचलून आणावे लागायचे. आपल्या मंगळवार बाजारातल्या काचांचा ढीग वाचून मला त्यांची आठवण झाली. पुढच्या खेपेला सुट्टी जुळवून येणार आहे. शेंगाचटणी आणि मेळावा, दोन्ही.

शिक्षिका, जुळे सोलापूर

मेळावा आवडला, पण दोन गोष्टी खटकल्या आणि त्या लिहायलाच हव्यात.

पहिली, विक्रीचं टेबल. '९९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट, जिच्यात खरे गेम मोजून काही डझन आणि बाकी सगळी त्याच गेमची पुनरावृत्ती, तिचे एकानं पंधराशे सांगितले. आठवणीची एवढी किंमत लावली तर पोरं हात कशाला लावतील?

दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेट नकली होत्या. नकला करणाऱ्यांनी अनेक गेमांवरून मूळ कंपनीचं नावच पुसलं होतं, म्हणून आपली आख्खी पिढी करणाऱ्यांची नावं न कळताच खेळली. तेव्हा पर्याय नव्हता, मान्य. आता आहे. प्रत्येक टीव्हीशेजारी पुठ्ठ्याची पाटी ठेवूया. मारिओ: शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका, संगीत कोजी कोंडो. पॅकमॅन: टोरू इवातानी, १९८०. टेट्रिस: अलेक्सेई पाजितनोव्ह, मॉस्को, १९८४. आणि कॉन्ट्रा गेममध्ये तीस जीव मिळवून देणारं ते वर-वर-खाली-खाली बटणं दाबणं? ते काझुहिसा हाशिमोतो यांचं, मुळात १९८६ च्या ग्रेडियस गेमसाठी. घरच्या मशीनसाठी तो गेम तयार करताना तपासायला त्यांना फार अवघड जात होता, म्हणून ही सोय केली आणि ती आत राहून गेली. सोलापूरच्या बोळाबोळांत ते पोरांना पाठ होतं, पाढ्यांपेक्षा पक्कं. ते कुणी लिहिलं हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

पाट्या मी लिहून देते. अक्षर चांगलं आहे.

इयत्ता आठवी, मोहोळ

मी आजोबांबरोबर आलो होतो. आम्ही टँक खेळलो. गरुड वाचवायचा असतो, भोवती विटा असतात. आजोबांची गोळी मला लागली की माझा टँक थोडा वेळ जागीच अडकायचा आणि शत्रू गरुडाकडे जायचा. नंतर आम्ही ठरवलं, ते डावीकडचे मारणार, मी उजवीकडचे. मग नऊ टप्पे झाले.

मला टेट्रिस जास्त आवडला. एका दादांनी सांगितलं की २०२३ च्या डिसेंबरमध्ये ओक्लाहोमातला तेरा वर्षांचा मुलगा इतका पुढं गेला की १५७ व्या लेव्हलला गेमच गोठला. तोपर्यंत माणसानं तो कधीच गोठवला नव्हता. तो जॉयस्टिकच्या मागच्या बाजूला बोटांनी भराभर टकटक करतो, त्यानं पुढचं बटण दाबलं जातं. मी करून बघितलं. अंगठा नुसता ठेवायचा आणि मागून तबल्यासारखं वाजवायचं. मला एकोणिसाव्या लेव्हलपर्यंत पण नाही जमलं, पण जमेल. जुना टीव्ही कुठं मिळेल?

पुन्हा मी

पाट्या नक्की. विक्रीच्या टेबलासाठी आधी भाव ठरवून कागदावर लावू. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणारे बरेच होते (मीही लहानपणापासून मारत आलो), तर आता बंद करूया. फुंकरीतली वाफ आतल्या धातूच्या पट्ट्यांना खाते. काढून परत बसवल्यानंच कॅसेट चालते. पट्ट्या पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचे बोळे ठेवतो.

पुढचा मेळावा पौषात. तेव्हाही कार्यालयं रिकामी असतात, आणि गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गावात पाहुणे असतातच.

मोहोळच्या बाळासाठी: बार्शीत एका घरी दोन डब्बा टीव्ही आहेत, एक एकवीस इंची, एक चौदा. चौदा इंची तुझा, आजोबांना विचारून ठेव. दुरुस्तीवाले काका आधी बघून देतील. शनिवारी सकाळी सातला पार्क चौकातून टेम्पो निघेल. उचलायला दोघं हवेत, आणि एक जुनी गादी लागेल, ट्यूबची काच गादीकडे करून ठेवायची आहे.